रिटर्न टू ऑझ (१९८५) : मुलांचा सिनेमा की मुलांना घाबरवणारा सिनेमा?

शेवग्याची_शेंग

मुलांना दाखवायच्या सिनेमांच्या याद्या निघतात तेव्हा 'रिटर्न टू ऑझ'चं नाव सहसा कुणी घेत नाही. घेतलंच तर "लहानपणी बघितला आणि झोप उडाली" एवढं सांगण्यापुरतं. मला तो फार आवडतो आणि तो मुलांचाच सिनेमा आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. (पुढे सगळं कथानक फोडलेलं आहे. सिनेमा १९८५चा आहे, तेव्हा तक्रार चालणार नाही.)

मूळ गोष्ट बहुतेकांना माहीत असेलच. कॅन्सासच्या माळावर हेन्री काका आणि एम काकूकडे राहणारी डोरोथी चक्रीवादळात घरासकट उडते आणि ऑझच्या देशात जाऊन पडते. बुजगावणं, पत्र्याचा लाकूडतोड्या, भित्रा सिंह भेटतात, आणि शेवटी ती घरी परत येते. एल. फ्रँक बॉमचं हे पुस्तक १९०० साली आलं आणि इतकं चाललं, की त्याने ऑझवर एकूण चौदा पुस्तकं लिहिली. पण १९३९ साली एमजीएमने ज्युडी गारलंडला घेऊन सिनेमा काढला आणि तेव्हापासून ऑझ म्हटलं की लोकांना तोच आठवतो. गाणी, लाल चमचमते बूट आणि शेवटी 'ते सगळं स्वप्न होतं'.

पुस्तकात मात्र ते स्वप्न नाही. ऑझ खरंच आहे आणि डोरोथी पुन्हा पुन्हा तिथे जाते. पुढच्या पुस्तकांचे हक्क डिस्नेकडे १९५०च्या दशकापासून पडून होते. ऐंशीच्या सुमारास वॉल्टर मर्चला त्यांनी विचारलं, तुला काय करायला आवडेल? तो म्हणाला, ऑझ. हा मर्च म्हणजे 'अपोकॅलिप्स नाउ'च्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळालेला माणूस. मोठ्या पडद्यासाठी त्याने दिग्दर्शित केलेला हा एकमेव सिनेमा. त्याने १९०४चं 'द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ' आणि १९०७चं 'ऑझ्मा ऑफ ऑझ' ही दोन पुस्तकं एकत्र गुंफली. माझ्या मते १९३९च्या सिनेमापेक्षा हा पुस्तकाशी जास्त प्रामाणिक आहे.

सिनेमा सुरू होतो वादळानंतर सहा महिन्यांनी. घर उडून गेलंय, नवं अर्धवट बांधून पडलंय, हिवाळा तोंडावर आलाय. हेन्री काकाचा पाय मोडला होता. तो आता बरा झालाय, पण त्याचं मन काही कामावर येत नाही. डोक्यावर कर्ज. आणि ही पोरगी रात्र-रात्र जागी, बोलणाऱ्या बुजगावण्याच्या गोष्टी सांगतेय. एम काकू तिला वर्ली नावाच्या एका डॉक्टरकडे नेते, जो विजेच्या यंत्राने असले 'भास' घालवतो. डॉक्टर गोड बोलून त्या यंत्रातच तिला चेहरा दाखवतो. हे बघ डोळे, हे नाक, ही जीभ. मग काकू तिला रात्रीपुरती तिथे ठेवून निघून जाते.

मला यात सगळ्यात खरी वाटली ती ही काकू. पायपर लॉरीने काम केलंय. दुष्ट नाही, लबाड नाही, पोरीवर जीव आहे तिचा. पण दमलीये, आणि घरातलं एक तरी माणूस ताळ्यावर यावं एवढीच तिची इच्छा आहे. मुलांच्या सिनेमात मोठी माणसं एक तर चेटकिणी असतात नाही तर वेंधळी. इथे मोठं माणूस प्रेमापोटी चुकतं. मुलांना हे कळतं, त्यांच्या घरात ते रोज घडत असतं.

त्या रात्री वादळात दिवे जातात, एक अनोळखी मुलगी डोरोथीला सोडवते, नर्स मागे लागते, दोघी नदीत पडतात. डोरोथी कोंबड्यांच्या खुराड्यावर तरंगत ऑझला पोचते. सोबत बिलिना कोंबडी, जी आता बोलायला लागलीये. आणि ऑझ उजाड. पिवळ्या विटांचा रस्ता उखडलेला, पाचूचं शहर ओस, माणसं दगड झालेली.

फेरुझा बाल्क चित्रीकरणाच्या सुरुवातीला नऊ वर्षांची होती. ज्युडी गारलंड सोळाची होती आणि लहान दिसावी म्हणून तिला आवळून बांधलं होतं. ही खरंच लहान आहे. शांत, गंभीर, रडारड नाही. समोर काय येईल त्याला "बरं, आता काय करायचं?" असा चेहरा.

तिकीटबारीवर आपटला. साधारण २.८ कोटी डॉलर खर्च, अमेरिकेत कमाई जेमतेम १.१ कोटी.

कुणी बघितलाय? कितव्या वर्षी? आणि मुलांना दाखवलात का?

नाइलाज

बघितला नाही. कोंबडी बोलते एवढ्यावर बघायला तयार आहे.

धुंडिराज_दुर्बीण

बघितलाय, केबलवर, दहा-अकरा वर्षांचा असताना. चाकं असलेली ती माणसं! हातपायांना चाकं, चारी पायांवर वाकून कर्रर्र कर्रर्र करत भिंतीवरून घसरत येतात. मी आईच्या खोलीत जाऊन झोपलो होतो, आणि आता अनुभवाने बोलतो : हा मुलांचा सिनेमा नव्हे.

शेंगताई, लेख झकास आहे, पण "पुस्तकाशी प्रामाणिक" हा मुद्दा मला पटत नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचा सिनेमा म्हणून डिस्नेच्या नावावर तिकिटं विकायची आणि पहिल्या वीस मिनिटांत पोरीला विजेच्या झटक्यांच्या टेबलावर बांधायचं? शिवाय गाणं एकही नाही. डेव्हिड शायरचं पार्श्वसंगीत उत्तम आहे, मान्य. पण १९३९च्या सिनेमात चेटकीण कितीही हिरवी झाली तरी पुढच्या मिनिटाला कुणीतरी नाचतं. मुलाला श्वास घ्यायला जागा मिळते. इथे ती नाही.

माईंची_लेक

+१. आणि ती मुंड्यांची कपाटं विसरलात का? मोंबी राणी रोज सकाळी साडी निवडावी तसं मुंडकं निवडते.

शेवग्याची_शेंग

माई, तो प्रसंग तर माझा सगळ्यात आवडता!

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : मोंबीच्या महालात काचेची कपाटं आहेत, प्रत्येकात एक सुंदर बाई, फक्त मानेच्या वरची. राणीला डोरोथीचा चेहरा पुढेमागे बरा दिसेल असं वाटतं, म्हणून ती तिला मोठी होईपर्यंत कोंडून ठेवणार आहे. रात्री डोरोथी चोरपावलांनी येते. बिनमुंडक्याची राणी पलंगावर झोपलेली. तिच्या मनगटाची चावी सोडवून डोरोथी ३१ नंबरचं कपाट उघडते, कारण सजीव करायची पूड तिथे आहे. आत मोंबीचं स्वतःचं मूळ मुंडकं. ते डोळे उघडतं, किंचाळतं, मग एकामागून एक सगळी कपाटं किंचाळायला लागतात आणि तिकडे पलंगावरचं धड उठून बसतं.

आता धुंडिराजांना उत्तर. हे मर्चने भीती घालायला कुठून बाहेरून आणलेलं नाही. १९०७च्या पुस्तकात लँगविडेर नावाची राजकन्या आहे, तिच्याकडे तीस मुंडकी आहेत, आणि ती डोरोथीला म्हणते की तुझं मला दे, बदल्यात माझं २६ नंबरचं घे. डोरोथी नको म्हणते, म्हणून तिला कोंडते. मर्चने ही राजकन्या आणि १९०४च्या पुस्तकातली मोंबी चेटकीण एक केली, इतकंच.

गंमत अशी की पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत बॉमने लिहिलंय, आपण जुन्या परीकथांतली दुःस्वप्नं गाळून नवी गोष्ट सांगतोय. आणि त्याच पुस्तकात पत्र्याचा लाकूडतोड्या चाळीस लांडग्यांची मुंडकी कुऱ्हाडीने उडवतो, लगेच पुढे बुजगावणं चाळीस कावळ्यांच्या माना पिरगाळतं. हे वाचून अमेरिकेत पिढ्याच्या पिढ्या वाढल्या. कुणी कुणाच्या आईच्या खोलीत झोपायला गेलं असेल तर त्याची नोंद नाही. :)

धुंडिराज_दुर्बीण

शेवटचा टोमणा पोचला. पण वाचणं वेगळं, बघणं वेगळं. पुस्तकातला चाळीसावा लांडगा मूल आपल्या कुवतीने रंगवतं, नकोसं झालं तर पान उलटतं. थिएटरच्या अंधारात ते धड उठून बसलं की पान उलटता येत नाही.

डॉ_कोयनाकाठ

मानसोपचार हा माझा रोजचा धंदा असल्याने त्या यंत्राबद्दल थोडं लिहितो.

सिनेमा १८९९ सालात घडतो. आज आपण ज्याला ईसीटी म्हणतो, म्हणजे झटका देऊन मेंदूत फीट आणण्याचा उपचार, तो पहिल्यांदा १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी केला. तेव्हा डॉक्टर वर्लीकडे ईसीटी असणं शक्य नाही. पण त्या काळात 'विद्युतोपचारा'चं खूळ जोरात होतं हे मात्र खरं. अशक्तपणा, निद्रानाश, 'नर्व्हस' बायका, सगळ्यावर वीज. अमेरिकेत विजेचे कमरपट्टे चक्क टपालाने मागवायच्या कॅटलॉगमधून विकले जात. नवं शतक, नवी वीज, विजेने सगळं बरं होणार, असं डॉक्टर जे भाषण देतो ते त्या काळाला धरून आहे.

मला खटकतं ते वेगळंच. तळघरातून किंकाळ्या येतात, आणि त्या उपचारात बिघडलेल्या रुग्णांच्या आहेत असं ती मुलगी सांगते. सिनेमात मनोरुग्णालय दिसलं की किंकाळ्या आल्याच. आजची ईसीटी भूल देऊन होते आणि तीव्र नैराश्यात तिच्याने माणसं अक्षरशः वाचतात. पण नातेवाईक समोर बसून सांगतात, "डॉक्टर, सिनेमात बघितलंय आम्ही." मी या सिनेमाला दोष देत नाही, सहन होतो मला. पण मुलांना दाखवाल तेव्हा एक वाक्य सांगून ठेवा, की हे फार जुनं आणि गोष्टीतलं आहे.

बाकी न झोपणारं मूल, घरावरचं संकट, आणि "हिला काहीतरी झालंय" म्हणून सगळ्या घराचा ताण एका मुलावर ढकलणं. हे माझ्याकडे दर आठवड्याला येतं. तिथे मर्चचं निरीक्षण चोख आहे.

शेवग्याची_शेंग

डॉक्टर, प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. शेवटच्या परिच्छेदासाठी तर खास.

विचिटाकर

कॅन्सासातून रामराम. इथे राहतो म्हटलं की विमानात शेजारी बसलेला माणूस ऑझचा विनोद करतोच. सवय झालीये.

डोरोथीला डॉक्टरकडे नेतात ते कॉटनवुड फॉल्स हे खरं गाव आहे. फ्लिंट हिल्समध्ये, चेस काउंटीचं मुख्य ठिकाण. गाव चिमुकलं, पण १८७३ सालचं चुनखडीच्या दगडाचं कोर्ट असं दिमाखदार आहे की लांबून रस्त्याच्या टोकाशी दिसायला लागतं. सिनेमात यातलं काहीच नाही, कारण हे कॅन्सास इंग्लंडमध्ये सॉल्सबरी प्लेनवर चित्रित झालंय आणि आतली दृश्यं लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत. तरीही सांगतो, ओलसर करडं आभाळ सोडलं तर माळ बरोबर जमलाय. घराच्या चारी बाजूंना काहीच नाही, ही जी भावना आहे ना, ती इथे ऑक्टोबरात गाडी थांबवून उतरलं की येते.

वामीगो नावाच्या गावात ऑझचं संग्रहालय आहे. मुलांना घेऊन गेलो होतो. ९० टक्के लोक लाल बुटांसमोर फोटो काढतात. माझा धाकटा मात्र टिक-टॉकपुढून हलेना.

पडद्यामागचा

टिक-टॉकचा विषय काढलातच तर लिहितो.

(नवीन मंडळींसाठी : हा तो गोल तांब्याचा चावीवाला शिपाई. त्याला तीन चाव्या द्याव्या लागतात. विचारांची, बोलण्याची, हालचालीची. विचारांची चावी संपली की तो बोलत राहतो पण काहीच्या बाही. आमच्या ऑफिसात असे बरेच आहेत.)

त्या गोळ्यात मायकल संडिन नावाचा जिम्नॅस्ट होता. कमरेतून वाकून डोकं पायांच्या मध्ये घालून तो उलटा चालायचा, म्हणजे टिक-टॉक पुढे जाताना आतला माणूस मागे जात असे. बाहेरचं दिसायला आत छोटा टीव्ही पडदा. संगणकाने आकृती काढायची सोय नव्हती त्या काळातली ही मेहनत आहे. भोपळ्याच्या डोक्याचा जॅक ही बाहुली आहे, त्याला आवाज ब्रायन हेन्सनचा. आणि खडकांतून चेहरे उमटतात, भिंतीला डोळे फुटतात, ते विल व्हिंटनच्या स्टुडिओचं मातीचं अ‍ॅनिमेशन. दृश्य परिणामांसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, बक्षीस 'ककून'ने नेलं.

मर्चला मधेच काढून टाकलं होतं हे माहीत आहे का? चित्रीकरण रेंगाळलं, खर्च वाढला, स्टुडिओने त्याला डच्चू दिला. 'स्टार वॉर्स'वाला जॉर्ज लुकास त्याचा जुना मित्र. तो मध्ये पडला, मी हमी घेतो म्हणाला, आणि मर्च परत आला. त्यात डिस्नेचं व्यवस्थापन १९८४मध्येच बदललं. ज्यांनी सिनेमाला होकार दिला ते गेले, जे आले त्यांना हे दुसऱ्याचं मूल वाटलं.

ध्वनीकडे लक्ष द्या. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची चाकं कुरकुरतात, तीच कुरकुर पुढे चाकवाल्यांना आहे. स्ट्रेचर ढकलणारा माणूस आणि चाकवाल्यांचा म्होरक्या हेही एकाच नटाने केलेत. डॉक्टर तोच नोम राजा, म्हणजे ऑझ उजाड करणारा खडकांचा राजा (निकोल विल्यमसन), नर्स तीच मोंबी (जीन मार्श). धुंडिराजांना जी कर्रर्र ऐकून घाम फुटला ती त्यांनी आधी दवाखान्यात ऐकलेली होती, म्हणून फुटला.

धुंडिराज_दुर्बीण

हे मात्र भारी. पुन्हा बघावा लागणार.

अवांतर : चाकवाले पुस्तकातही असेच आहेत का?

शेवग्याची_शेंग

आहेत, आणि तिथे जास्त विचित्र. त्यांची चाकं नखांसारख्या पदार्थाची आहेत, अंगातूनच उगवलेली. पण बॉमचे चाकवाले नुसते ओरडणारे, निरुपद्रवी. डब्यांच्या झाडांवरून (हो, त्या झाडांना जेवणाचे डबे लागतात, सिनेमातही डोरोथी एक तोडते) कुणी डबा तोडला की ते धमकावतात, पण लढता येत नाही म्हणून स्वतःच्या बचावासाठी भीती दाखवणं एवढंच ते असतं.

अर्धवट_वाचक

मला वाटतं सगळे भीतीवर अडकलेत. सिनेमा पडला तो लाल बुटांमुळे.

बॉमच्या पुस्तकात बूट चांदीचे आहेत. रंगीत पडद्यावर उठून दिसावेत म्हणून १९३९मध्ये ते लाल केले. म्हणजे लाल बूट ही एमजीएमची मालमत्ता. 'ऑझ्मा ऑफ ऑझ'मध्ये नोम राजाकडे जादूचा पट्टा आहे, बूट नाहीतच. डिस्नेने पट्टा काढला, एमजीएमला पैसे मोजले आणि लाल बूट घेतले. राजाच्या पायात ते दिसतात तेव्हा तो सांगतो की एक दिवस आभाळातून पडले. म्हणजे तुम्हीच लोकांना सांगितलंत की हा त्या गाण्यांच्या सिनेमाचा पुढचा भाग आहे. मग लोक गाणी मागणार, ज्युडी मागणार, नाचणारा सिंह मागणार. सिंह आणि लाकूडतोड्या तर इथे जवळजवळ सगळा वेळ दगड होऊन उभे आहेत! पट्टा ठेवला असता तर निदान वेगळं काही बघायला आलोय हे कळलं असतं.

शेवग्याची_शेंग

अगदी. माझ्या मते या सिनेमातली एकमेव भित्री गोष्ट म्हणजे ते बूट.

पडद्यामागचा

असहमत. बूट नसते तर लोकांनी विचारलं असतं, बूट कुठे गेले? १९३९चा सिनेमा अमेरिकेत टीव्हीवर वर्षानुवर्षं दाखवला जात होता. प्रेक्षक ऑझ पाठ करून येणार होता. पुस्तक किती जणांनी वाचलं होतं?

माईंची_लेक

जुन्या गोष्टी पुढे नेणाऱ्या सिनेमांची हीच पंचाईत. 'हुक'मध्ये पीटर पॅन चाळिशीचा वकील केला, 'मेरी पॉपिन्स रिटर्न्स'मध्ये जुन्या सिनेमातलं प्रत्येक वळण पुन्हा गिरवलं. दोन्ही मोठ्यांना हळवं करायला काढलेले. मुलं आपली पॉपकॉर्न खातात. त्या मानाने इथे नायिका अजून लहानच आहे आणि गोष्ट तिच्याच उंचीवरून दिसते. हे आवडलं, मुंडकी असूनही.

आठवणीतली_बरणी

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, अंधाराला घाबरतो. दाखवू का? खरं सांगा.

शेवग्याची_शेंग

बरणीताई, सहाला नको. आठ-नऊला दाखवा, दिवसा, आणि शेजारी बसून. एकटं सोडून स्वयंपाकघरात जाऊ नका. घरात पॉझचं बटण आहे, धुंडिराजांचा थिएटरचा प्रश्न तिथे सुटतो. माझ्या लेकीने मुंड्यांचा प्रसंग उशीआडून बघितला, पण तिला खरी धास्ती वाटली ती काकू घोडागाडीत बसून निघून जाते तेव्हा. "ती परत येते ना?" हे तिने दोनदा विचारलं. येते, असं आधीच सांगून टाका. रहस्य फुटलं तरी काही बिघडत नाही.

मात्र नोम राजाचा शेवट सांगू नका. त्याने बुजगावण्याला शोभेची वस्तू करून टाकलेलं असतं. शोभेच्या वस्तूंच्या दालनात डोरोथी डोळे मिटून हिरव्या वस्तूवर हात ठेवते, बुजगावणं परत मिळतं, राजा संतापतो आणि एकेकाला गिळायला निघतो. आणि मग ती कोंबडी, जी सगळा वेळ जॅकच्या भोपळ्यात लपून कुरकुरत असते, ती भीतीने अंडं घालते. ते थेट राजाच्या तोंडात. नोम लोकांना अंडं म्हणजे विष! लेक हसून हसून लोळली.

(आता मीच सांगून बसले. असो.)

नाइलाज

बघितला. कोंबडीला ऑस्कर द्यायला हवं होतं. बिलिना शेवटी कॅन्सासला परत यायला नकार देते ते अगदी योग्य, तिकडे तिचं अंडं पडत नाही म्हणून एम काकू तिला कापायला निघाली होती.

पुस्तकं वाचायची तर कुठून सुरू करू? चौदाच्या चौदा नको.

विचिटाकर

हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे बॉमची सगळी जालावर फुकट आहेत, जॉन आर. नीलच्या (पहिल्या पुस्तकात डेन्स्लोच्या) चित्रांसकट मिळतील अशी प्रत शोधा. पहिलं वाचलं नसेल तर ते, मग सरळ 'ऑझ्मा ऑफ ऑझ' घ्या. कोंबडी, टिक-टॉक, डबे, मुंडकी, सगळं त्यातच आहे. १९०४चं नंतर वाचा, त्यात डोरोथी नाहीच. आणि १९१०चं 'द एमराल्ड सिटी ऑफ ऑझ' चुकवू नका. त्यात कर्जापायी शेत जायची वेळ येते तेव्हा डोरोथी काका-काकूंनाच ऑझला राहायला घेऊन जाते. काकूला तिथे करायला काही काम सापडत नाही, म्हणून ती वैतागते.